"आत्या, मला राजकारणात जायचंय"



यंदा गणपतीत आम्ही भावाकडे, सुदामा नगरला, जेवायला गेलो होतो. आरती झाली, पानं मांडली, आणि वरण वाढता वाढता वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्हीच काय ते समजवा ह्याला. एम.ए. झालाय, पीएससीचा फॉर्म भरायचं नाव काढत नाही. राजकारणात जायचं म्हणतो."

भाऊ लगेच म्हणाला, "आपल्यात कोणी गेलंय का कधी राजकारणात?"

आणि पंगत एकदम गप्प झाली. कारण मी गेले होते. चांगली पंधरा वर्षं. भावाच्या लक्षात आलं तसं त्यानं मान खाली घालून भात कालवायला घेतला. आमचे हे पापड मोडत बसले. भाचा तेवढा माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "रविवारी घरी ये, निवांत बोलू." तो आला. त्या दिवशी जे बोलणं झालं ते इथे लिहिते आहे. इंदूर असो, ग्वाल्हेर असो की बडोदा, आपल्या मराठी घरांतून हा विषय निघाला की पोरांना एकच उत्तर मिळतं: ते आपलं काम नाही. आणि त्याच घरांत "ताई आमच्या" असं अभिमानानं सांगतात. सुमित्राताई महाजन आठ वेळा इंदूरच्या खासदार झाल्या, २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या, तेव्हा पेढे आपण सगळ्यांनी खाल्ले. पण आपली मुलगी "मी ताईंसारखं करते" म्हणाली तर आपण तिला बी.एड.चा फॉर्म आणून देतो. मला तसाच आणून दिला होता.

मी १९९२ ची एम.ए., राज्यशास्त्र. आपलं विद्यापीठ १९६४ मध्ये इंदूर विद्यापीठ म्हणून सुरू झालं, आम्ही शिकायला गेलो तोवर त्याला देवी अहिल्याबाईंचं नाव लागलं होतं. प्लेटोपासून संविधान सभेतल्या चर्चांपर्यंत सगळं वाचलं. फर्स्ट क्लास मिळाला. पण आमच्या गल्लीतला नळ दोन दिवस आला नाही तर तक्रार नेमकी कुणाकडे करायची, हे मला माहीत नव्हतं. ते बाबा बघायचे. बाबा शाळेत मास्तर. त्यांचा हिशेब सरळ होता: एम.ए., मग बी.एड., मग शाळा. त्यांना दोष देत नाही. पगार पहिल्या तारखेला येतो म्हणजे काय, हे त्यांनी पगार नसलेल्या घरात राहून शिकलेलं होतं.

माझी परीक्षा झाली त्याच वर्षी डिसेंबरात संसदेत ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि १ जून १९९३ पासून लागू झाली. शहरांच्या निवडणुका वेळेवर घ्यायच्या आणि त्यांत निदान एक तृतीयांश जागा बायकांसाठी ठेवायच्या, असं त्यात होतं. मधल्या काळात माझं लग्न झालं. सासर रामबागेजवळ, ह्यांची बँकेत नोकरी. १९९४ च्या निवडणुकीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला आणि एका संध्याकाळी चार जण घरी आले. पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुठल्याही पक्षात झालं असतं.

मी आत चहा टाकत होते. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. "भाईसाब, भाभीजी का नाम दे देते हैं. पढ़ी-लिखी हैं. काम तो अपन देख लेंगे."

चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि विचारलं, "सदन में भी आप ही बैठेंगे क्या?" ते हसले. मला वाटलं प्रश्न आवडला. चहा पिऊन गेले आणि दोन दिवसांनी दुसऱ्या गल्लीतल्या एका बाईंचं नाव जाहीर झालं. त्या निवडून आल्या. त्यांच्याकडे काम घेऊन गेलं की खुर्चीत त्यांचे यजमान बसलेले असायचे. पार्षदपती हा शब्द आपल्याकडे तेव्हापासूनचा. आजही गेला नाही.

ह्यांनी त्या रात्री एवढंच विचारलं, "तुला खरंच उभं राहायचं होतं का?" मी म्हटलं, हो. मला स्वतःलाच ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग सुरुवात कुठून करायची? कॉलेजात कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगितलं एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यानं. मिलमधून रिटायर झालेले, शिक्षण आठवीपर्यंत. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी माझ्या हातात आमच्या बूथची मतदार यादी ठेवली आणि म्हणाले, "बेटा, पहले ये पढ़ो. एम.ए. की किताब बाद में."

मी यादी घेऊन तीन गल्ल्या फिरले. घर-घर. कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण सून म्हणून आली, कुणाचं नाव दोनदा आहे, कोण भाडेकरू होता तो आता राजेंद्र नगरला गेला. महिनाभर लागला. त्या महिन्यात मला कळलं की माझ्या घरापासून दोनशे पावलांवर एक बाई राहते, तिच्या विधवा पेन्शनचा अर्ज तीनदा परत आला आहे. कारण काय, तर नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर नावापुढे "सिंह" होतं आणि रेशन कार्डावर नव्हतं. मी नियम मागवून वाचला. शपथपत्र करून दिलं, पंचनामा करवला, चार महिने खेटे घातले. पेन्शन सुरू झाली. माझ्या एम.ए.चा पहिला उपयोग हा झाला. पदवीनं मला नियमाचा कागद न घाबरता वाचायला शिकवलं होतं. समोरचा "नहीं होता" म्हणाला की "कौन सी धारा में?" असं विचारता येत होतं. १९५६ चा नगर पालिक निगम अधिनियम मी तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतला, तो अजून आहे, पानं सुटी झालीत.

पैसे मात्र ह्यातून एक रुपया मिळत नव्हता. उलट जात होता. फोटोकॉपी, रिक्षा, कुणाच्या घरी मूल झालं, कुणाकडे तेरावं. संध्याकाळी मी नागरिकशास्त्राच्या आणि हिंदीच्या शिकवण्या घ्यायचे. घर ह्यांच्या पगारावर चालायचं आणि माझं राजकारण शिकवण्यांवर.

पाच वर्षं अशी गेली. १९९९ मध्ये निवडणूक आली तेव्हा सगळे म्हणत होते की ह्या वेळी तुमचंच नाव. आणि आरक्षणाची सोडत निघाली, त्यात आमचा वॉर्ड मागासवर्गासाठी राखीव झाला. झालं. चिठ्ठी निघाली आणि पाच वर्षांचं काम दुसऱ्याच्या झोळीत गेलं. कुणाची चूक नव्हती. आरक्षण फिरतं असावं हे मी स्वतः परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण पुस्तकात फिरणारं आरक्षण वेगळं आणि आपल्या वॉर्डात फिरलेलं वेगळं. जे उमेदवार आले त्यांचं काम मी केलं. चांगलं केलं.

आता २००४. वॉर्ड पुन्हा खुला होता. तीन नावांचं पॅनल गेलं, त्यात माझं पहिलं, असं मला सांगण्यात आलं. पुढचं मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

आमच्या देवळाच्या कोपऱ्यावर एक फुलवाली बसायची. वीस वर्षं तरी बसत असावी. मतदार याद्या करताना ऊन लागलं की मी तिच्या छत्रीखाली पाणी प्यायचे. तिच्या दोन मुलींच्या शाळेचे फॉर्म मी भरून दिले होते. ऐन टिकटांच्या दिवसांत त्या रस्त्यावरची दुकानं-ठेले उठवायचं ठरलं. ती माझ्याकडे आली. "दीदी, आप तो बोल दो. आपकी सब सुनते हैं." मी म्हटलं, बघते. आणि ज्यांच्या हातात माझं नाव होतं त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अभी रहने दो. आठ दिन. इस मामले में जो बोलेगा उसका नाम कटेगा."

मी आठ दिवस गप्प बसले. पाचव्या दिवशी गाडी आली. मी घरात होते. खिडकीतून आवाज येत होता. बाहेर गेले नाही. गेले असते तरी थांबलं नसतं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. थांबलं नसतं हे खरंच आहे. पण ती माझ्या दाराकडे बघत होती, हे नंतर शेजारणीनं सांगितलं.

टिकट दुसऱ्याला मिळालं.

२००९ मध्ये मी अपक्ष उभी राहिले. तोवर मध्य प्रदेशात महिलांसाठी अर्ध्या जागा झाल्या होत्या. चिन्ह मिळालं, पॅम्फ्लेट छापली, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या एफ.डी.तली एक मोडली. ह्यांनी सही केली, एक शब्द बोलले नाहीत. तो न बोललेला शब्द मला अजून ऐकू येतो. डिसेंबरच्या थंडीत पहाटे निघायचं, रात्री अकराला यायचं. आपल्या मराठी मंडळींनी खूप कौतुक केलं. हळदीकुंकवाला बोलावलं, टाळ्या वाजवल्या, "तुमच्यासारख्या शिकलेल्या बायका पाहिजेत हो" म्हणाल्या. मतदानाच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत त्यांच्यातली निम्मी घरं बाहेर पडली नव्हती. बूथवर रांगेत उभे होते ते पेन्शनवाले, रेशनवाले. मी तिसरी आले. १,१४३ मतं. आजही तो आकडा झोपेत सांगेन. त्यातली किती कागद करून दिलेल्या घरांची, ते मी यादीवर बोट ठेवून सांगू शकते.

त्यानंतर निवडणूक लढवली नाही. पण काम सुटलं नाही. एका आमदारांना विधानसभेत विचारायचे प्रश्न लिहून देणारं माणूस हवं होतं. कोणी माझं नाव सुचवलं. प्रश्न कसा विचारायचा की उत्तर टाळता येऊ नये, आकडे कुठल्या खात्याकडून माहितीच्या अधिकारात मागवायचे, भाषणाची टिपणं, मतदारसंघातून आलेल्या अर्जांची वही. महिन्याचे आठ हजार मिळायचे. मला वाटतं, माझ्या एम.ए.चं खरं काम तिथे झालं. सदनात मी कधी गेले नाही, पण मी लिहिलेले प्रश्न गेले.

हे सगळं रविवारी भाच्याला सांगितलं. तो तयारी करून आला होता. त्याच्याजवळ मोबाइलवर यादी होती. म्हणाला, "आत्या, आता तसं राहिलं नाही. आता रस्ते आहेत." आणि खरंच आहेत, मला बरं वाटलं ऐकून. दिल्लीची पीआरएस संस्था लॅम्प फेलोशिप देते, त्यात पदवीधर मुलं एकेका खासदाराबरोबर काम करतात, विधेयकं वाचून टिपणं काढतात. पुण्याला एमआयटीचं स्कूल ऑफ गव्हर्नमेंट २००५ पासून आहे, तिथे राजकीय नेतृत्वाचाच अभ्यासक्रम शिकवतात. निवडणुकांचा सर्व्हे करणाऱ्या, प्रचार सांभाळणाऱ्या कंपन्या आहेत, त्या पगार देतात. मी लपतछपत जे काम केलं त्याला आता नाव आहे, पगार आहे, सर्टिफिकेट आहे.

मी त्याला म्हटलं, "जरूर जा. शिकून ये. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. राजकारणाजवळ नोकरी करणं हे एक. लोकांनी निवडून देणं हे दुसरं. पहिल्याला पदवी चालते. दुसऱ्याला यादी लागते."

तो म्हणाला, "पार्षदाला वय २१ लागतं, लोकसभेला २५. मी दोन्हीला पात्र आहे."

मी हसले. ताईंचंच उदाहरण दिलं. चिपळूणच्या साठ्यांकडची मुलगी, लग्न होऊन इंदूरला आली, इथे एम.ए. केलं, कायद्याची पदवी घेतली. गावात रामायणावर प्रवचनं करायच्या. १९८४-८५ मध्ये उपमहापौर झाल्या. विधानसभेला उभ्या राहिल्या, हरल्या. १९८९ मध्ये माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठींना हरवून लोकसभेत गेल्या तेव्हा ४६ वर्षांच्या होत्या. "तेवढी वर्षं पोटाला काय खाशील, ते आधी ठरव. एल.एल.बी. कर, शिकवण्या कर, दुकान टाक, काहीही. पण ज्याची चूल टिकटावर अवलंबून असते, त्याचं तोंड बंद होतं. हे माझं सगळ्या पंधरा वर्षांचं सार आहे."

हे वाक्य मी बऱ्याच जणांना सांगितलंय. सगळे मान डोलावतात. भाच्यानं मान डोलावली नाही. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पण आत्या, तुझी चूल कुठे टिकटावर होती? काकांचा पगार होता की. तरी तू फुलवालीसाठी बोलली नाहीस."

मंडळी, वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

मी उठून चहा टाकायला गेले. गॅसपाशी उभी राहिले तेव्हा १९९४ ची ती संध्याकाळ आठवली, ट्रे घेऊन बाहेर येऊन प्रश्न विचारणारी मी. तेव्हा माझ्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं म्हणून बोलले होते का? दहा वर्षांनी पॅनलमध्ये पहिलं नाव होतं, म्हणून गप्प बसले. पोटाचा प्रश्न नव्हताच. दहा वर्षांच्या कष्टांचं काहीतरी हाती लागावं, एकदा तरी लोकांनी मला पार्षद म्हणावं, ही भूक होती. ती पगारानं भागत नाही. पगार असला की माणूस निर्भय होतो, असं मी पोरांना सांगत आले, ते अर्धंच खरं होतं.

बाहेर येऊन त्याला तसंच सांगितलं. म्हटलं, "तुझं बरोबर आहे. मला पद हवं होतं, म्हणून गप्प बसले. पोटापाण्याची सोय कर, ते हवंच. पण तेवढ्यानं भागेल असं समजू नकोस."

मग त्याला घेऊन बाहेर पडले. ती फुलवाली आता तिथून बऱ्याच लांब, एका दुसऱ्या चौकात बसते. मी अधूनमधून मुद्दाम तिच्याकडून फुलं आणते. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं, काहीतरी बोलेल, रागावेल. ती बोलली नाही. इतर गिऱ्हाइकांसारखं वजन केलं, पैसे सांगितले, सुटे परत दिले. तेव्हापासून तसंच आहे. त्या दिवशीही तसंच झालं. मुलींची चौकशी केली तर म्हणाली, "दोनों की शादी हो गई," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. भाचा बघत होता. येताना रस्त्यात तो काही बोलला नाही, मीही नाही.

घरी आल्यावर कपाटातून माझ्या बूथची जुनी यादी काढून दिली. आता तिचा काही उपयोग नाही, निम्मी माणसं गेली, वॉर्डांच्या हद्दी बदलल्या, शहराचे ८५ वॉर्ड झाले. पण समासात मी पेन्सिलनं लिहिलेलं आहे: कुणाचा मुलगा कुठे, कुणाचं पेन्शन अडलंय, कुणाकडे कुत्रं आहे. म्हटलं, "अशी एक तुझ्या वॉर्डाची कर. वर्ष लागेल. मग मला सांग राजकारणात जायचं की नाही."

वहिनीचा फोन आला, "काय सांगितलंत वन्सं? एल.एल.बी.ला ॲडमिशन घेतो म्हणतोय, पण रविवारी सकाळी वही घेऊन कुठे जातो देव जाणे." मी म्हटलं, जाऊ दे. कालच त्याचा मेसेज आला, त्यांच्या मागच्या गल्लीतल्या एका आजींच्या समग्र आयडीत नाव चुकलंय, दुरुस्ती कशी करायची? लांबलचक उत्तर लिहिलं. शेवटी लिहिलं, "एक दिवस कोणीतरी मोठा माणूस तुला म्हणेल की आठ दिवस गप्प बस. त्या दिवशी कितीही उशीर झाला असला तरी मला फोन कर."

त्यानं अंगठ्याची खूण पाठवली. आजकालची पोरं, दुसरं काय पाठवणार.

तुमच्या घरात कोणी निवडणूक लढवली असेल, हरलं असेल, जिंकलं असेल, तर जरूर लिहा. आणि पुढच्या वेळी मतदानाला दुपारच्या झोपेआधी जा, एवढी विनंती.